मागे वळून पाहणारा कुत्रा

इ. स. पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर पंजाबात शिरला, तेव्हा तिथल्या एका राजाने त्याच्यापुढे कुत्र्यांचा खेळ करून दाखवला. ग्रीक लेखक या राजाला सोपिथीज म्हणतात. मूळ नाव सौभूती असावे असा काही अभ्यासकांचा कयास आहे. राजाने पाहुण्याला दीडशे कुत्रे नजर केले होते. त्यांची जात काय योग्यतेची आहे हे पटवावे म्हणून त्याने एका सिंहावर आधी दोन आणि मग आणखी दोन कुत्रे सोडले. चौघांनी मिळून सिंहाला जेर केले. तेवढ्यात राजाचा एक माणूस तलवार घेऊन पुढे झाला आणि सिंहाला धरून राहिलेल्या एका कुत्र्याचा उजवा पाय कापू लागला. अलेक्झांडर ओरडला, त्याच्या शरीररक्षकांनी धावत जाऊन त्या माणसाचा हात धरला. राजा म्हणाला, या एकाबद्दल आपल्याला तीन देतो. मग तो पाय सावकाश कापला गेला. कुत्रा ओरडला नाही, कण्हला नाही, त्याने दातांची पकड सोडली नाही. रक्त वाहून गेल्यावर तो सिंहाच्या अंगावरच मरून पडला.

ही हकीकत डायोडोरसने दिली आहे. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्या कुत्र्याच्या पकडीकडे जाते. मला मात्र दर वेळी एक वेगळीच शंका येते. एकाच्या बदल्यात तीन द्यायला निघालेल्या त्या राजाला या कुत्र्याचे नाव तरी ठाऊक होते का?

शंका वरवर पाहता पोरकट आहे. पण कुत्र्याला घेऊन माणूस जे खेळ खेळत आला त्यांचा इतिहास वाचू लागले की ती पिच्छा सोडीत नाही. याचे कारण, याच अलेक्झांडरच्या स्वारीचा सर्वांत विश्वसनीय इतिहास ज्याने लिहिला, त्या एरियनने आपल्या कुत्रीचे नाव मुद्दाम लिहून ठेवले आहे. आणि ते कशासाठी लिहीत आहोत हेही सांगितले आहे.

एरियन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. जन्माने ग्रीक, पण रोमन सम्राट हेड्रिअनच्या पदरी मोठा अधिकारी. आजच्या तुर्कस्तानातील कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार. हिंदुस्थानाबद्दल 'इंडिका' लिहिणारा तो हाच. पण या सुभेदाराने एक छोटेसे पुस्तक शिकारी कुत्र्यांवरही लिहिले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. त्याच्या आधी सुमारे पाच शतके झेनोफनने याच विषयावर लिहिले होते. एरियन त्याला गुरू मानी, स्वतःलाही झेनोफन म्हणवून घेई. परंतु गुरूला सेल्टिक लोकांचे वेगवान कुत्रे ठाऊक नव्हते, ती उणीव आपण भरून काढतो, असे म्हणून त्याने लेखणी उचलली.

त्याच्या कुत्रीचे नाव हॉर्मी. अर्थ आवेग. ध्वनीने आणि अर्थाने दोन्हींनी आपल्या 'ऊर्मी'ची आठवण करून देणारे हे नाव आहे. तिचे डोळे करडे होते. ऐन उमेदीत असताना तिने एका दिवसात चार सशांना तोड दिली होती. पण एरियन तिच्या धावण्यावर थोडके लिहितो आणि तिच्या वागण्यावर पुष्कळ. तो घरी असला की ती घरी असते. तो व्यायामशाळेत निघाला की बरोबर निघते, त्याची कसरत चालू असताना शेजारी बसून राहते, आणि परत येताना पुढे चालते. पुढे चालते, पण वारंवार मागे वळून पाहते, धनी वाट सोडून दुसरीकडे तर गेला नाही ना याची खात्री करून घेण्यासाठी. तो दिसला की तिचा चेहरा हसतो, आणि पुन्हा ती पुढे चालू लागते. थोडा वेळ जरी ताटातूट झाली तरी भेटताच अंगावर अलगद उडी घेते आणि भुंकून स्वागत करते. लहानपणी तिला केव्हातरी चाबकाचा मार बसला होता. म्हणून अजूनही कोणी चाबकाचे नाव काढले, की ती त्या माणसाजवळ सरपटत जाते, विनवण्या करते, मुके घेतल्यासारखे तोंड तोंडाला लावते, गळ्यात पडते आणि त्याचा राग गेल्याशिवाय गळा सोडीत नाही.

हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. का, ते लेखाच्या ओघात येईलच.

एरियनने सांगितलेल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की कुत्र्याने माणसाजवळ झोपावे. त्याने कुत्र्याला माणसाची ओढ लागते, आणि रात्री त्याचे काही दुखलेखुपले तर ते माणसाला कळते. दुसरी गोष्ट अशी, की खरा शिकारी ससा मिळावा म्हणून कुत्रे सोडीत नाही. ससा आणि कुत्रा यांची चढाओढ पाहावी म्हणून सोडतो. एका सशावर दोनांहून अधिक कुत्रे सोडू नयेत, आणि सोडताना सशाला पुरेसे अंतर द्यावे. ससा निसटला तर आनंदच मानावा. आणि धावून आलेल्या कुत्र्याजवळ घोड्यावरून उतरावे, त्याचे कान कुरवाळावे, एकेकाचे नाव घेऊन शाबासकी द्यावी. कारण स्तुती त्यांनाही आपल्याइतकीच आवडते. शेवटी तो म्हणतो, की हॉर्मीचे नाव लिहून ठेवायला मला संकोच वाटत नाही; पुढच्या लोकांना कळू द्या, की अथेन्सच्या झेनोफनपाशी अशी एक चपळ, शहाणी आणि देवतुल्य कुत्री होती.

शिकार आणि खेळ यांच्यामधली रेघ नेमकी इथे ओढली जाते. पोट भरण्यासाठी धावणारा कुत्रा हे साधन असते. ससा सुटला तरी आनंद, असे एकदा मान्य केले, की त्या धावण्यातून मिळवायचे ते काय उरते? कुत्रा आणि आपण यांच्यामध्ये जे घडते तेवढेच.

सगळ्यांना हे समजले असे मात्र नाही. इंग्लंडात शतकानुशतके बैलाला खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालला. १८३५ साली पार्लमेंटने कायदा करून तो बंद केला. त्या खेळात बक्षीस होते, पैज होती, गर्दी होती. सौभूतीच्या दरबारचीच ती रीत. कुत्र्याच्या खेळांचा इतिहास म्हणजे या खेळांत माणसाने कुठे उभे राहायचे याचाच इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे. कडेला उभे राहून रक्त पाहायचे, सज्जात बसून पैसे लावायचे, की मैदानात उतरून कुत्र्याच्या भरवशावर स्वतःची फजिती करून घ्यायची तयारी ठेवायची?

फजितीची तयारी हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. ते पटण्यासाठी आपल्याला वेल्सच्या डोंगरांत जावे लागेल.

ब्रिटनमध्ये लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. त्याचा परिणाम असा झाला, की तिथल्या मेंढ्या राखणीवाचून डोंगरावर मोकळ्या चरू लागल्या. आपला धनगर कळपाबरोबर पायी चालतो, रात्री मेंढ्या वाघरीत घालतो, आणि त्याचा कुत्रा राखणदार असतो. लांडग्याला अडवणे हे त्याचे काम. कळप वळवायचे काम धनगराच्या हाळीचे आणि काठीचे. तिकडे राखण करायला नको होती; पण कातरणीच्या वेळी मैलामैलांवर विखुरलेल्या मेंढ्या गोळा कोणी करायच्या? म्हणून तिथल्या कुत्र्याला दुसरे काम लागले. ते म्हणजे नजरेआड जाऊन, धन्याचा हात पोचणार नाही इतक्या दूर, स्वतःच्या अकलेने कळप आणायचे.

१८७३ सालच्या ऑक्टोबरात उत्तर वेल्समधील बाला गावी रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने अशा कुत्र्यांची स्पर्धा भरवली. ब्रिटनमधली नोंद असलेली ही पहिली स्पर्धा. दहा कुत्रे उतरले होते, आणि बघायला तीनशेच्या आसपास माणसे जमली होती. गंमत अशी, की वेल्सच्या भूमीवर वेल्सच्या लोकांदेखत बक्षीस नेले ते जेम्स टॉमसन या स्कॉटिश माणसाने. तो वेल्समध्ये राहत असे एवढेच; त्याचा 'ट्वीड' हा लहानखुरा कुत्राही स्कॉटलंडच्याच वंशाचा. स्थानिक मंडळींना काय वाटले असेल त्याची कल्पना आपल्या कुस्तीच्या फडांवर गेलेल्या कोणालाही करता येईल.

पुढे या स्पर्धा सगळ्या ब्रिटनभर पसरल्या, १९०६ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि खेळाचे नियम हळूहळू ठरत गेले. मला हे नियम फार उद्बोधक वाटतात. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

मालक एका खुंटापाशी उभा राहतो. मेंढ्या त्याच्यापासून चारशे यार्डांवर असतात. कुत्र्याने मोठा वळसा घालून, त्यांना न बुजवता, त्यांच्या पलीकडे जाऊन थांबायचे. तिथून त्यांना हलकेच उठवायचे. सरळ रेषेत, मधल्या फाटकातून, मालकाकडे आणायचे. त्यानंतर त्या मालकापासून दूर हाकून त्रिकोणात फिरवायच्या. मग ठरावीक मेंढ्या कळपातून वेगळ्या काढायच्या, आणि शेवटी कळप लाकडी मेंढवाड्यात घालायचा. एकंदर गुण शंभर. वळशाला वीस, उठवण्याला दहा, आणण्याला वीस, हाकण्याला तीस, वेगळे काढण्याला दहा आणि कोंडण्याला दहा. पंच गुण देत नाहीत, कापतात. प्रत्येकजण पूर्ण शंभर घेऊनच मैदानात उतरतो आणि ते गमावीत जातो.

आता ते कापले कशासाठी जातात पाहा. कुत्रा वळसा घेत असताना मालकाला शिट्टी घालून त्याची वाट सुधारावी लागली, तर गुण जातात. म्हणजे हुकूम देणे हाच दोष! कुत्र्याला न सांगता कळायला हवे होते, आणि त्याला कळेल असा भरवसा मालकाला हवा होता. मालकाची शिट्टी वाजली की दोघांपैकी कोणाची तरी कसर आहे असे समजायचे. खुंट सोडून पुढे धावायचीही मालकाला परवानगी नाही. चारशे यार्डांवर कुत्रा चुकतो आहे हे दिसत असताना शेकडो लोकांसमोर हात खाली सोडून उभे राहायचे, ही शिक्षा कोणाला आहे हे सांगायला नको. शेवटी मेंढवाड्याशी आल्यावर तो फाटकाची दोरी हातात धरतो, आणि ती दोरी सोडायची नाही असा नियम. एका बाजूने दोरीला बांधलेला माणूस, दुसऱ्या बाजूने मोकळा कुत्रा, मध्ये बिथरलेल्या मेंढ्या! दोघांनाही एकमेकांच्या पावलाचा अंदाज असल्याखेरीज त्या आत जात नाहीत.

हुकूम मुळात थोडेच असतात. मेंढ्यांना डावीकडून घाल, उजवीकडून घाल, पुढे जा, बस, पुरे. लांबच्या कामाला हेच शिट्टीच्या सुरांत. अनुभवी मंडळींच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी येते, की नवखा माणूस कुत्र्याकडे पाहतो आणि जुना माणूस मेंढ्यांकडे पाहतो. कुत्रा मेंढ्यांकडे पाहतच असतो. दोघे जेव्हा एकाच गोष्टीकडे पाहू लागतात तेव्हा बोलायचे फारसे उरत नाही. आपल्याकडे दोन मुरलेले सुतार एकच तुळई बसवताना जसे अर्ध्या शब्दात बोलतात तसे.

या कुत्र्यांच्या वंशाला आज बॉर्डर कॉली म्हणतात, आणि त्यांतले जवळजवळ सर्व ज्याचे वंशज आहेत तो कुत्रा म्हणजे 'ओल्ड हेम्प'. १८९३ मध्ये इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील नॉर्थम्बरलंड परगण्यात ॲडम टेल्फर या शेतकऱ्याकडे तो जन्मला आणि १९०१ मध्ये मेला. बाप 'रॉय' मोकळ्या स्वभावाचा आणि मवाळ. आई 'मेग' भित्री, लाजरी, पण तिची नजर मेंढीला जागच्या जागी खिळवणारी. हेम्पने दोघांचेही घेतले. त्याच्या आधीचे बहुतेक कुत्रे भुंकून, अंगावर धावून, चावे घेऊन मेंढ्या हाकीत. हेम्प भुंकत नसे. तो पोट जमिनीशी नेऊन, डोळे रोखून, मुकाट्याने पुढे सरके, आणि मेंढ्या जणू स्वतःच्याच इच्छेने चालू लागत. लांडगा शिकार करताना आधी नजर लावतो, मग दबत सरकतो, मग पाठलाग करतो, मग पकडतो, मग मारतो. कॉलीत या साखळीच्या पहिल्या कड्या शाबूत राहिल्या आणि शेवटच्या गळाल्या. लांडग्यापासून मेंढ्या वाचवण्याची गरज संपली, आणि त्यानंतर लांडग्याच्याच शिकारीचा पूर्वार्ध मेंढ्या राखायला उपयोगी पडला!

पण हेम्पमुळे बदलला तो नुसता कुत्रा नव्हे, माणूसही बदलला. भुंकणाऱ्या, चावणाऱ्या कुत्र्याला ओरडून आवरता येते. इतक्या हळव्या, इतक्या तल्लख कुत्र्यावर ओरडले तर तो काम सोडून बसतो. आवाज खाली आणायला माणसाला कुत्र्याने शिकवले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ग्रेहाउंडची शर्यत आहे. एरियनचे वेगवान कुत्रे ज्या कुळातले त्याच कुळातला हा देखणा प्राणी. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन माणसाने विजेवर पळणारा खोटा ससा बनवला. त्याच्या मनात खऱ्या सशांची कत्तल टाळावी असे होते म्हणतात, आणि तो हेतू चांगलाच होता. १९२६ सालच्या जुलैत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ही शर्यत इंग्लंडात आली, आणि बघता बघता कारखान्यातल्या मजुरांची ती संध्याकाळची करमणूक होऊन बसली. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकणाऱ्या 'मिक द मिलर'ची कीर्ती सिनेमानटासारखी पसरली. १९३९ मध्ये तो मेल्यावर त्याला पेंढा भरून वस्तुसंग्रहालयात ठेवले.

ससा वाचला हे खरे. पण एरियनच्या खेळातला दुसरा अर्धा भागही त्याबरोबर गेला. घोड्यावरून उतरून कान कुरवाळणारा माणूस इथे कुठे आहे? तो सज्जात बसला आहे, हातात चिठ्ठी धरून. कुत्रा पिंजऱ्यातून सुटतो, अर्ध्या मिनिटाच्या आसपास धावतो, आणि पुन्हा पिंजऱ्यात जातो. त्याच्या पाठीवर आकडा असतो. पाय मंदावला की त्याचे काय करायचे हा प्रश्न या धंद्याला शंभर वर्षे नीट सोडवता आलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या मतदारांनी कौल देऊन या शर्यती बंद करायला लावल्या. ज्यांनी असे निवृत्त ग्रेहाउंड घरी नेले ते सांगतात, की पुष्कळांना जिना चढता येत नाही, काच म्हणजे काय ते ठाऊक नसते. आणि थोड्याच दिवसांत ते कोचावर पाय वर करून झोपायला शिकतात. इतका प्रेमळ प्राणी वर्षानुवर्षे नुसता आकडा म्हणून जगला, याचे वाईट वाटते.

केवळ शर्यत वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. त्याला साक्ष लिओनार्ड सेप्पाला या माणसाची. हा मूळचा नॉर्वेचा. अलास्कातील नोम गावी कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यती १९०८ पासून होत. बर्फातून चारशेवर मैल जाऊन यायचे. १९१४ मध्ये सेप्पाला पहिल्यांदा उतरला, वादळात वाट चुकला, आणि समुद्रावर झुकलेल्या कड्याच्या टोकाशी त्याची गाडी जाऊन पोचली. कुत्र्यांनी त्याला मागे काढले, पण त्यांचे पाय फाटले. त्याने शर्यत सोडली. कुत्र्यांनी आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण पुरेशा तयारीवाचून त्यांना मृत्यूच्या तोंडी नेले, ही लाज त्याला जाळीत राहिली. त्यानंतर १९१५, १९१६ आणि १९१७ अशी तीन वर्षे तो जिंकला. त्या जिंकण्याइतकीच ती पहिली लाज मला मोलाची वाटते. सौभूतीच्या त्या तलवारवाल्याला ती वाटली नव्हती.

त्याच्याच घरात 'टोगो' नावाचे एक खोडकर पिल्लू होते. हे काही कामाचे नाही म्हणून त्याने ते देऊन टाकले. पठ्ठ्याने खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि मैलोगणती पळत परत आला. पुढे आठ महिन्यांचा असताना दावे तोडून तो गाडीमागे आला, तेव्हा नाइलाजाने त्याला जुंपले, आणि त्या एका दिवसात तो पंचाहत्तर मैल धावला. १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध पोचवायला विमान नव्हते, बंदर गोठलेले. वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्याने ६७४ मैल औषध वाहून साडेपाच दिवसांत आणले. त्यांत सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेप्पालाचा. गोठलेल्या उपसागरावरून, बर्फ फुटण्याच्या बेतात असताना. पुढे होता टोगो, वय बाराच्या आसपास. जाऊन येऊन तो अडीचशे मैलांहून अधिक धावला. पुतळा मात्र न्यूयॉर्कच्या बागेत उभा राहिला तो शेवटचा टप्पा करणाऱ्या 'बाल्टो'चा. कीर्तीची वाटणी माणसांत तरी कुठे नीट होते? असो. अंधारात, वादळात, पुढचे काही दिसत नसताना सेप्पालाने वाट टोगोवर सोडली, हे पाहण्यासारखे आहे. ती सोडण्याची सवय शर्यतींत लागली होती.

यानंतरचा इतिहास घरगुती आहे, आणि त्याची नायिका एक गृहिणी आहे. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाई पूडल कुत्रे पाळीत. त्यांच्या झुलपांवरून लोक हसत, हे काय शोभेचे खेळणे म्हणून चेष्टा करीत. बाईंनी १९३३ साली आपल्या भागात आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. आठ कुत्रे आले. १९३७ मध्ये त्या आणि ब्लांच सॉन्डर्स, मोटारीमागे घरगाडी जोडून आणि तीन पूडल घेऊन, अमेरिकेत दहा हजार मैल फिरल्या आणि गावोगावी लोकांना कुत्रा शिकवायला शिकवले. त्या काळी जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट याच्या १९१० च्या पुस्तकातील पद्धती चालत. त्यांत गळपट्ट्याच्या हिसक्याला मोठे स्थान होते. या बायांचे शिक्षणही आजच्या मानाने कडकच म्हणायचे. पण कुत्रा शिकवणे हे पोलिसाचे, शिकाऱ्याचे काम नसून घरातल्या कोणाचेही आहे, ही कल्पना त्यांनी रुजवली.

१९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढायचा होता. जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल या दोघांनी घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांसाठी उड्या, बोगदे, फळ्या मांडल्या. लोकांनी ते डोक्यावर घेतले, आणि ॲजिलिटी नावाचा नवा खेळ जन्मला. या खेळात गळ्याला साखळी नसते, हाताने कुत्र्याला स्पर्श करायचा नाही, हातात खाऊ धरायचा नाही. माणूस कुत्र्याबरोबर धावतो. कुत्रा चुकला की चित्रफीत लावून पाहतात; आणि बहुधा असे आढळते, की माणसाचा खांदा चुकीच्या दिशेला वळला होता, कुत्र्याने तो बिनचूक वाचला. आपण तोंडाने एक सांगतो आणि अंगाने दुसरे. कुत्रा अंगाचे ऐकतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांना जोडणारे द्रव्य ते हेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे आढळले नाही.

आपल्याकडे काय? ससाण्यासारखे सडपातळ कारवानी आणि मुधोळचे कुत्रे दख्खनच्या माळावर पिढ्यान् पिढ्या सशांमागे धावले. मुधोळचे संस्थानिक घोरपडे यांनी त्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला नजर केली. २००५ मध्ये मुधोळच्या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये त्याची पिल्ले लष्कराने शिक्षणासाठी मेरठला नेली. पण खेळाचे नियम कोणी बांधले नाहीत. आणि १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाल्यावर सशामागे कुत्रे सोडणेही गुन्हा ठरले, ते योग्यच झाले. कुत्र्याबद्दलचा आपला जिव्हाळा दुसरीकडे साठला आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या हा कुत्रा शिकारीत भुंकून सावध करता झाला म्हणून महाराजांचा जीव वाघापासून वाचला, अशी परंपरा आहे. त्याला पालखीचा मान होता असेही सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. आणि महाभारताकडे पाहावे, तर धर्मराज कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो हे सर्वांना पाठ आहे. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला दुसरा एक कुत्रा आहे, तो आपण विसरतो. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला मारले. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, नुसते पाहिलेही नव्हते. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कोणी उत्तर देत नाही.

आता ते पुस्तक मिटण्याचे कारण.

वाईकडच्या आमच्या गावी लहानपणी आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. शाळेला निघालो की तो माझ्यापुढे ओढ्यापर्यंत धावे. दर वळणावर थांबून मागे पाही. मी दिसलो की पुन्हा पुढे. एके दिवशी परतताना मी त्याला हाका मारल्या, तो आला नाही. करवंदीच्या जाळीत काहीतरी हुंगत होता. मला उशीर झाला होता, बरोबरची पोरे हसत होती. मी निरगुडीचा फोक मोडून घेतला. शेवटी तो आला, शेपूट हलवीत धावत आला, आणि आल्यावर मी त्याला मारले.

आल्याबद्दल मार मिळाला, एवढेच त्याला कळले असणार. जाळीतला वेळ त्याच्या लेखी केव्हाच संपला होता. हे मला पुढे कितीतरी वर्षांनी, मेंढ्यांच्या त्या स्पर्धांविषयी वाचताना उमगले. त्या दिवसानंतर हाक मारली की मोती लगेच येई. पोट जमिनीला घाशीत येई. घरातले म्हणाले, आता बरा वळणावर आला. शाळेच्या वाटेवरही तो येत राहिला, आणखी चार-पाच वर्षे, ओढ्यापर्यंत. फक्त तो पुढे धावत नसे. माझ्या मागून चाले, आणि मीच वळून पाही.